आगरकरांचा प्रश्न : कशावरून?

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना एक प्रकार हमखास आढळायचा. समजा, गणपतला विहिरीसाठी कर्ज हवे आहे. त्याला जामीन तुकाराम. तुकारामला म्हशींसाठी कर्ज हवे आहे. त्याला जामीन गणपत. दोन्ही अर्ज वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या टेबलांवर आले की दोन्ही निर्दोष दिसत. प्रत्येकाच्या पाठीशी एक भक्कम माणूस उभा! दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे मग उजेड पडे. दोघेही एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत आणि जमिनीला पाय कोणाचाच टेकलेला नाही. यात लबाडी असतेच असे नाही. बहुतेकदा दोघेही सरळ माणसे असतात आणि आपण एकमेकांना आधार देतो आहोत असे त्यांना मनापासून वाटत असते.

आपल्या जुन्या नैयायिकांनी या प्रकाराला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. एखादी गोष्ट तिच्या स्वतःच्याच आधारावर उभी केली तर तो आत्माश्रय. दोन गोष्टींनी एकमेकींना टेकू दिला तर अन्योन्याश्रय. तीन-चार गोष्टी फेर धरून शेवटी पहिलीपाशीच येऊन पोहोचल्या तर चक्रक. आणि पुढे केलेले कारणच, जे सिद्ध करायचे त्याच्याइतके सिद्ध व्हायचे बाकी असेल तर तो साध्यसम नावाचा हेत्वाभास. म्हणजे दिसायला कारण, पण कारण नव्हे. ही नावे पाठशाळांतून शतकानुशतके घोकली गेली. घोकणाऱ्यांच्या घरात, ओसरीवर, मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मात्र ती कधी उतरली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात एका दमेकरी मास्तरांनी तो उद्योग केला. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. गोपाळ गणेश आगरकर हे त्यांचे नाव.

आगरकर म्हटले की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला धडा आठवतो : समाजसुधारक, बुद्धिवादी, टिळकांशी मतभेद. तीन शब्दांत माणूस संपला. मी निवृत्तीनंतर सणसवाडीला येऊन राहिलो तेव्हा त्यांचे निबंध सलग वाचायला घेतले, आणि मला त्यांत सुधारकापेक्षा एक तपासनीस जास्त दिसू लागला. समोर येणाऱ्या प्रत्येक विधानाला ते एकच विचारतात, कशावरून? उत्तर आले की त्या उत्तरालाही तेच विचारतात. आणि फिरून पहिलेच विधान समोर आले की फाईल बंद करून टाकतात.

त्यांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरात दारिद्र्य इतके की शिक्षण कऱ्हाडला मामांच्या घरी. तेथली शाळा संपल्यावर पुढे काय, या प्रश्नाला उत्तर नव्हते म्हणून कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात हाताखाली काम केले. शिकायला मिळेल या आशेने कऱ्हाडहून रत्नागिरीपर्यंत पायी गेले, तेथे जम बसेना तेव्हा परत आले. शेवटी अकोल्याला एका नातलगांकडे सोय झाली आणि विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक लाभले. १८७५ मध्ये मॅट्रिक होऊन ते पुण्यात डेक्कन कॉलेजात आले. अंगात एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही गोष्ट त्याच काळातली.

एम. ए. साठी त्यांनी घेतलेले विषय इतिहास आणि तत्त्वज्ञान. मिल आणि स्पेन्सर हे त्यांचे लेखक. जॉन स्टुअर्ट मिलने तर्कशास्त्रावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता आणि १८६९ मध्ये स्त्रियांच्या दास्याविषयी एक लहानसे पुस्तक. माझ्या मते दुसऱ्या पुस्तकात मिलने पहिल्याचीच हत्यारे वापरली आहेत. स्त्रियांचा स्वभाव असा आणि असा म्हणून त्यांना अमुक मोकळीक देता येत नाही, असे जग म्हणते. पण ती मोकळीक कधी दिलीच नसेल तर तो स्वभाव कळला कशावरून? आगरकरांच्या मनात हे पुरते मुरले. परीक्षेच्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहून कळवले, की मुलगा मोठ्या पगाराचा हुद्देदार होईल अशी आशा तिने धरू नये. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांसाठी घालवायचे त्याने ठरवले आहे. चाळीस वर्षांपूर्वी बँकेची नेमणुकीची चिठ्ठी हातात पडली तेव्हा मी काय लिहिले होते ते आठवून पाहिले. मनिऑर्डरचा आकडा, दुसरे काही नाही. असो.

१८७९ मध्ये डेक्कन कॉलेजात टिळकांशी मैत्री झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या न्यू इंग्लिश स्कुलात दोघे मास्तर झाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला आणि त्याचे संपादन आगरकरांकडे आले. वय पंचवीससुद्धा नाही. आणि पुढच्याच वर्षी हे तरुण संपादक अशा एका वर्तुळात सापडले की त्यातून बाहेर पडायला त्यांना तुरुंगातून जावे लागले.

प्रकरण कोल्हापूरचे. तेथले तरुण महाराज चौथे शिवाजी वेडे आहेत असे इंग्रज सरकारचे म्हणणे, आणि कारभार माधवराव बर्वे यांच्या हाती. महाराजांचा छळ होतो आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे अशी बोलवा पुण्यात होती. अशात बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रे पुढे आली; त्यांवरून सारा कटच उघडा पडत होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्या आधारावर बर्व्यांवर तोफ डागली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. आणि कोर्टात ठरले ते असे, की पत्रे बनावट आहेत.

आता या दोन फायली शेजारी ठेवून पाहू. पत्रे खरी कशावरून? तर बर्वे तसा माणूसच आहे, त्याच्याकडून अशीच पत्रे जाणार. आणि बर्वे तसा माणूस कशावरून? तर ही पत्रे पाहा ना! दोघांच्याही मनात हे इतक्या उघड शब्दांत आले नसेल. तसे ते कोणाच्याच मनात येत नाही. अन्याय होतो आहे ही खात्री आधी झालेली असते. पुरावा नंतर येतो आणि आपल्या खात्रीकडूनच ओळखपत्र घेऊन आत शिरतो. महाराजांबद्दलची कळकळ खोटी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. पण कळकळ खरी असली म्हणून पत्र खरे होत नाही.

माफी मागूनही उपयोग झाला नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. खटला चालू असताना जोतीराव फुल्यांच्या शब्दाखातर रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला होता. वास्तविक ‘केसरी’कार आणि सत्यशोधक यांचे फारसे सख्य नव्हते. तरीही दिला. माणूस आपल्या बाजूचा नाही म्हणून त्याची बाजू खोटी, असा हिशेब फुल्यांनी तरी त्या दिवशी केला नाही.

मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगातून २६ ऑक्टोबरला ते सुटले. एकशे एक दिवस झाले होते. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले. त्यात दोघा मित्रांचे वाद आहेत, रात्री इतक्या मोठ्या आवाजात चालणारे की पहारेकऱ्यांना गप्प करायला यावे लागे. राजकीय आधी की सामाजिक आधी, हा पुढे महाराष्ट्राला दोन पिढ्या पुरलेला वाद तेथेच रंगला. मला मात्र त्या तुरुंगातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आगरकर तेथे शेक्सपियरचे ‘हॅम्लेट’ मराठीत आणण्याच्या कामाला लागले होते. ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये छापून आले. हॅम्लेटला बापाचे भूत सांगते की तुझ्या चुलत्याने माझा खून केला. राजपुत्राचा संशय तोच आहे, त्याला ते खरे असायला हवेच आहे. तरी तो लगेच तलवार उपसत नाही. हे भूत सैतानाचे सोंग असले तर, असे त्याच्या मनात येते आणि तो राजवाड्यात तसाच खून दाखवणारे नाटक लावून चुलत्याच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. भुताच्या शब्दाला भुताबाहेरचा पुरावा हवा, एवढेच त्याचे म्हणणे. बनावट पत्रांवर विसंबून तुरुंगात आलेला सव्वीस वर्षांचा संपादक कोठडीत बसून नेमका हा प्रसंग मराठीत उतरवतो तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल? त्याने ते कोठे लिहून ठेवल्याचे मी वाचलेले नाही. हा माझाच तर्क. कादंबरीकाराची खोड म्हणून सोडून द्यावा.

कोल्हापूरच्या त्या महाराजांची पुढची गोष्ट आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाची आहे. सणसवाडीवरून जाणारा हा पुण्याचा हमरस्ता ज्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जातो, तेथल्या किल्ल्यात त्यांना ठेवले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते वारले. वय विसाच्या घरात. म्हणजे महाराजांवर अन्याय होत होता ही शंका निराधार नव्हती. निष्कर्षात तथ्य असू शकते आणि त्याला लावलेला टेकू तरीही खोटा असू शकतो. हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवणे फार अवघड जाते. खोटा टेकू काढून घ्या असे सांगणाऱ्यावर घर पाडायला आल्याचा आरोप होतो.

हा रस्ता अशा गोष्टी अजूनही दाखवतो. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमाला आणि आमच्या सणसवाडीत दंगल झाली, गाड्या जळाल्या, दुकाने जळाली, एका तरुणाचा जीव गेला. त्या दिवसाचा निवाडा करण्याचे हे ठिकाण नाही आणि तो माझा अधिकारही नाही. पण त्यानंतरचे कित्येक महिने चहाच्या टपरीवर मी जे ऐकले त्याची घडण एकच होती, बोलणारा कोणत्याही बाजूचा असो. हे त्यांनीच केले. कशावरून? ते लोक तसेच आहेत. तसेच आहेत हे कशावरून? त्या दिवशी काय केले पाहिले नाही का! मोबाइलवर फिरणारी चित्रफीत आपल्या समजुतीला धरून असेल तर पुरावा, नसेल तर बनावट. आगरकर ज्या खड्ड्यात पंचविशीत पडले तो अजून बुजलेला नाही. फरक इतकाच की त्यांच्या वेळी पत्रे खोटी ठरायला कोर्टात जावे लागले आणि सगळ्यांनी ते ऐकले.

तुरुंगातून सुटल्यावर दोघा मित्रांची मिरवणूक निघाली, कीर्ती झाली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. बाहेरून पाहणाऱ्याला सारे सुरळीत होते. आतून मैत्री विरत चालली होती. ‘केसरी’त सामाजिक विषयांवर आपल्याला हवे ते लिहिता येत नाही, हे आगरकरांना जाचू लागले. १८८७ च्या अखेरीस त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. इंग्रजी बाजू सांभाळायला विशीतले गोपाळराव गोखले होते. त्याच सुमारास आगरकरांचे ‘वाक्यमीमांसा’ हे पुस्तक आले. वाक्याचे अवयव सुटे कसे करायचे, कोणता शब्द कोणावर अवलंबून आहे हे कसे ओळखायचे, याचे व्याकरण. शाळेत आम्हाला वाक्यपृथक्करणाने छळले त्याचे मूळ तेथे आहे. पण ‘सुधारक’चे अंक वाचताना वाटते की व्याकरण आणि सुधारणा हे त्यांचे दोन उद्योग नव्हतेच.

त्या काळी वादाची मुख्य भिंत होती शास्त्र आणि रूढी. विधवेचे केशवपन का? शास्त्रात आहे म्हणून. शास्त्रात स्पष्ट सापडत नाही असे कोणी दाखवून दिले, तर रूढी आहे म्हणून. आणि रूढी शास्त्रापेक्षा बलवान. मग रूढीला बळ कोठून आले? पूर्वजांनी ती घातली आणि पूर्वज शास्त्र जाणणारे होते. म्हणजे शास्त्र रूढीचा जामीन आणि रूढी शास्त्राची जामीन! मधल्या मध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलीचे डोके न्हाव्यापुढे.

रानडे आणि भांडारकर हे थोर सुधारक या भिंतीशी वेगळ्या रीतीने लढले. भांडारकरांची विद्वत्ता तर अफाट. त्यांनी ग्रंथ उलगडून दाखवले की शास्त्राचा खरा अर्थ सुधारणेच्याच बाजूचा आहे. लोकांना पटायला हा मार्ग सोपा, आणि त्याने पुष्कळ कामही झाले. आगरकरांनी तो घेतला नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की शास्त्रात आधार सापडला म्हणून सुधारणा मान्य केली तर उद्या आधार नाही असे ठरल्यावर ती टाकावी लागेल. जामीन तोच ठेवायचा, फक्त तो आपल्या बाजूने सही करील असे पाहायचे, याने फायलीचा दोष जात नाही. एखादी चाल माणसाला सुख देते की दुःख, न्यायाची आहे की अन्यायाची, हे त्या चालीच्या परिणामांवरून तपासावे. ती कोणी आणि कधी घातली यावरून नव्हे. हे ऐकायला आज साधे वाटते. सदाशिव पेठेत १८८८ मध्ये ते साधे नव्हते.

त्यांचा स्त्रियांनी जाकीट घालण्याविषयीचा निबंध लोक आज गमतीने आठवतात. संपादकाने बायकांच्या कपड्यांत कशाला नाक खुपसावे? पण त्याला मिळालेल्या विरोधाची जात पाहण्यासारखी आहे. जाकीट वाईट, कारण ते इंग्रजांचे. ते थंडीवाऱ्यात उपयोगी आहे का, सोयीचे आहे का, याचा विचारच नाही. वस्तू कोठून आली एवढ्यावर तिची किंमत ठरली. याच न्यायाने पाहू गेल्यास आगगाडी, छापखाना आणि ज्या वर्तमानपत्रात हा विरोध छापून येत होता ते वर्तमानपत्रही टाकून द्यायला हवे होते.

मुलींच्या शिक्षणाचे चक्र याहून चिवट. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले, आजचे हुजूरपागा, आणि तेथे काय शिकवावे यावर रणे माजली. मुलींची बुद्धी उच्च विद्येला पुरणार नाही. कशावरून? आजवर कोणी विदुषी झाली का? झाली नाही, कारण शिकवली नाही. शिकवली का नाही? बुद्धी पुरणार नाही म्हणून! १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर झाल्या, तर अशा वेळी ती अपवाद म्हणता येते. अपवाद बाजूला काढला की नियम पुन्हा शाबूत. पुढचीही अपवाद, तिच्या पुढचीही. आगरकर यावर थेट सांगत, की मुलामुलींना एकच शिक्षण द्या, तेही एकत्र द्या, आणि मग काय ते बोला.

हे जुने झाले असे समजू नये. महाराष्ट्रात गावच्या कारभारात बायकांना निम्म्या जागा राखीव होऊन, म्हणजे २०११ पासून, दीड दशक होत आले. तरी कित्येक ग्रामपंचायतींत सरपंचबाईंच्या शेजारी त्यांचे यजमान बसतात आणि तेच बोलतात. विचारले तर सांगतात, बाईंना बोलता येत नाही म्हणून मी बोलतो. बाईंना बोलता का येत नाही? संधी कोठे मिळाली? आमच्या सणसवाडीत कारखान्यांच्या दारात उभ्या असलेल्या पोरांची तऱ्हाही हीच. अनुभव असेल तर नोकरी, आणि नोकरी असेल तर अनुभव. तिथला साहेब खोटे बोलत नसतो. फक्त फेर कोठून तरी तोडायचा असतो आणि तो आपल्या टेबलापासून कोणालाच तोडायचा नसतो.

१८९१ मध्ये हे सारे वाद एका विधेयकावर येऊन थडकले. संमतिवयाचा कायदा. नवऱ्याने बायकोशी शरीरसंबंध ठेवण्याची वयोमर्यादा दहा वर्षांवरून बारा करायची, एवढाच तो. दोन वर्षांची वाढ. आधीच १८८९ मध्ये बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजोरीने मरण पावली होती. तरीही पुणे पेटले. टिळक विरोधात, आगरकर बाजूने.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. टिळकांचा एक मुद्दा हेत्वाभास नव्हता. परक्या सरकारला आज आपल्या घरात कायदा करू दिला तर उद्या ते काय करील, ही भीती खरी होती आणि तिला इतिहासाचा आधार होता. तिचे उत्तर द्यावे लागते. आगरकरांनी ते दिले : आपण होऊन सुधारणा केली असती तर सरकारला दार ठोठवावेच लागले नसते, आणि एवढ्या लहान मुलीचा जीव ही घरातली बाब म्हणून सोडून देता येत नाही. दोन्ही बाजूंना वजन होते. परंतु त्या मुद्द्याभोवती जो गदारोळ उठला त्यात दुसरेच फार होते. समाज तयार झाला म्हणजे सुधारणा आपोआप होईल, कायदा नको. आणि समाज तयार कधी होईल? सुधारणा रुजल्यावर. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही, असे हे. शिवाय सर्वांत स्वस्त उत्तर होतेच, की हे बोलणारे लोक कोण? बाटगे, सरकारचे हस्तक. ज्या माणसाने सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून तुटपुंज्या पगारावर शाळेत जन्म काढला आणि लेखणीपायी तुरुंग पाहिला तो सरकारचा हस्तक! मुद्द्याला उत्तर नसले की माणसाला उत्तर देतात. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला.

माणसाला दिलेले उत्तर किती टोकाला जाते तेही आगरकरांनी पाहिले. पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तिरडी, मडके, सारा थाट. आणि ती यात्रा त्यांच्याच घरावरून नेली. आगरकर घरातून बघत होते. तिरडी कितीही उंच उचलली तरी केशवपनाच्या बाजूचे एकही कारण त्यात भर पडून वाढले नाही, हे त्या उचलणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

आगरकरांच्या लिहिण्यात दोष नव्हते असे नाही. ते टोचून लिहीत आणि कित्येकदा गरजेपेक्षा जास्त. अंत्यसंस्कारांवरच्या निबंधाच्या नावातच त्यांनी शहाण्यांना मूर्ख ठरवले आहे. ज्याला पटवायचे त्याला पहिल्याच ओळीत दुखावून ठेवले तर पुढची ओळ तो कशाला वाचील? नैयायिक वादाचे तीन प्रकार सांगतात : सत्य शोधायचे ते वाद, जिंकायचे ते जल्प, आणि नुसते पाडायचे ते वितंडा. आगरकर पहिल्याने सुरुवात करतात आणि रागाच्या भरात कधी कधी दुसऱ्याच्या हद्दीत जातात. तिसऱ्यात मात्र मला ते कधी सापडले नाहीत, कारण पाडल्यावर त्या जागी काय उभे करायचे ते नेहमी सांगतात. आणि एक जमेची बाजू. ही सक्ती त्यांनी घरात केली नाही. पत्नी यशोदाबाईंची देवपूजा, व्रतवैकल्ये चालू होती. बाहेर साऱ्या पुण्याला कारणे विचारणारा हा गृहस्थ घरातल्या देव्हाऱ्याला हात लावत नव्हता. काहींना यात विसंगती दिसते. मला तसे वाटत नाही. ज्याला कारणाने पटवायचे असते त्याला जबरदस्तीचा उपयोग नसतो, आणि नवऱ्याच्या हुकमाने देव सोडणे हा पुन्हा अधिकाराच्याच बळावर ठरलेला निकाल झाला असता.

शिरूर तालुका पाण्याचा दुबळा. विहीर किंवा बोअर घ्यायची म्हणजे आजही आधी पाणाड्याला बोलावतात. तळहातावर नारळ ठेवून तो शेत फिरतो, नारळ उभा राहिला की खूण करतो. पाणी लागले तर पाणाड्या खरा. नाही लागले तर त्या दिवशी शेतात कोणी विटाळ केला, किंवा ड्रायव्हरने चार हात बाजूला घेतले. बँकेत भूजल खात्याचा दाखला मागितला की शेतकरी माझ्याकडे दयेने बघत, साहेबाला शेतातले काय कळते म्हणून. कोणत्याही निकालाने खोटे ठरू शकत नाही असे म्हणणे मुळात काहीच सांगत नाही, हे त्यांना मी कधी समजावू शकलो नाही. कर्ज त्यांच्या नावावर चढे आणि बोअर कोरडी. पाणाड्या पुढच्या गावाला गेलेला असे. तेव्हा तर्कदोष हा पुस्तकी विषय आहे असे निदान माझ्यासमोर कोणी म्हणू नये. त्याचे हप्ते भरताना मी माणसे पाहिली आहेत.

१८९२ मध्ये वामन शिवराम आपटे गेल्यावर आगरकर फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले. दमा आयुष्यभराचा सोबती. आता तो झोपू देईना. कॉलेज, ‘सुधारक’, आणि उशाला उशी लावून बसून काढलेल्या रात्री अशी तीन वर्षे गेली. टिळकांनी १८९० मध्येच सोसायटी सोडली होती. एके काळी एका कोठडीत रात्रभर भांडणारे हे दोघे आता एकमेकांशी वर्तमानपत्रांतूनच बोलत.

१७ जून १८९५ च्या पहाटे आगरकर गेले. घरच्यांना त्यांच्या उशाजवळ पैशांची एक पुरचुंडी सापडली. त्यासोबत त्यांच्या हातची चिठ्ठी होती, की हे आपल्या दहनाच्या खर्चासाठी आहेत. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. तो सांगताना त्यांना मध्येच थांबावे लागले, डोळ्यांचे पाणी खळेना, असे पुण्यात पुढे बरीच वर्षे सांगत असत.